बॉबिनला ओ कोण देणार?

"आठ एटले शुं? हें? आठने शुं छे? बोल ने! सवारथी सांज आठ, आठ, आठ!"

किरीटभाई जिन्यात उभा राहून आठ म्हणजे काय, आठ म्हणजे काय म्हणून बोंबलत होता, इंदे, आणि तुझे दिवससुद्धा अजून व्हायचे होते. घरात तुझ्या फोटोपुढे दिवा तेवत होता. मागच्या गॅलरीतून तुझा पोपट किरीटभाईला तितक्याच दमानं जबाब देत होता, "आठेऽ! आठेऽऽ!" आणि मध्ये मी, शेजारच्या दारातून धावत आलेली, दोन्ही हात कणकेनं भरलेले. खोटं सांगत नाही, त्या दोघांच्या आवाजानं जिन्याच्या भिंतीचा चुना खाली आला.

थोडा आला.

बरं बाई, नाही आला. पण यायच्या बेतात होता. बघ, तू गेलीस आणि मला टोकायचं कामही माझ्याच अंगावर पडलं. "बाई, खरं सांग," असं तू म्हणायचीस आणि माझ्या हत्तीची शेळी करून टाकायचीस. आता माझा हत्ती मोकाट सुटलाय, त्याला आवरताना माझी दमछाक होते.

किरीटभाईचं म्हणणं तुला ठाऊक आहे. तो आठ नंबरात, बरोबर तुमच्या खाली. तुझ्या गोधडीचं पाणी त्याच्या वाळत घातलेल्या पापडांवर गळलं, तुम्हा दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि नेमकं त्यानंतर बॉबिननं "आठे" धरलं. झालं! त्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं, की या मराठ्यांनी पोपटाला शिकवून ठेवलंय, माझ्या घराचा नंबर घेऊन मला डिवचायला. तुझ्या जिवंतपणी तो नुसता वर बघून पुटपुटायचा. पुटपुटायचा म्हणजे सुरती माणसाच्या हिशेबानं, चार शिव्या आणि मधे एखादा शब्द. तू गॅलरीतून वाकून हसायचीस, म्हणून त्याला अजूनच खात्री पटायची. मी तुला म्हटलं होतं, एकदा जाऊन सांग त्याला, की आमच्या खानदेशात 'आठे' म्हणजे इथे. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे वं बाई, तेवढीच गंमत."

ती गंमत आता आमच्या गळ्याशी आली होती.

कारण किरीटभाई नुसता ओरडून गेला नाही. आवाज एकदम खाली आणून, त्याच्या त्या स्वतः बनवलेल्या मराठीत म्हणाला, "मालतीबेन, रविवारी सकाळी मिटिंग. पोपट ठेवायचा गुनो आहे, तुमाला माहीत आहे. मी एक फोन करते, जंगलखातावाला येऊन घेऊन जाते."

तो ओरडतो तेव्हा मला भीती वाटत नाही. हळू बोलला आणि माझ्या हातातली कणीक गार पडली.

कायद्यानं तो बरोबरच होता, हे तुलाही माहीत होतं. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी तुला तो गच्चीवर सापडला, पतंगाच्या मांज्यात असा गुंडाळलेला, की तुझे यजमान सुपडूभाऊ म्हणाले, ही तर भरलेली बॉबिन आहे. नाव तिथंच पडलं. मांजा काढता काढता तुझी बोटं कापली, त्याचा पंख गेला. जखमी पाखरांचं बघणाऱ्या पोरांकडे तू त्याला नेलंस, त्यांनी टाके घातले आणि सांगितलं, मावशी, हा आता उडायचा नाही, बरा झाला की आमच्याकडे आणून द्या. तू म्हणालीस, "उद्या आनस." तुझा उद्या काही उजाडला नाही. विचारलं की म्हणायचीस, त्याला अजून जरा बरं वाटू दे. इंदे, तो इतका बरा झाला होता, की त्याच्या चोचीनं माझ्या चष्म्याची दांडी अडकित्त्यासारखी कापली.

रविवार जवळ होता, आणि पोपट गप्प बसत नव्हता.

तुझ्याकडे भेटायला येणाऱ्यांनी त्याला मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं होतं. सुतकाच्या घरात पाखराचा कलकलाट कशाला, म्हणून कुणीतरी पिंजऱ्यावर चादर टाकली. पुढच्या खोलीत सुपडूभाऊ भिंतीला टेकून बसलेले. आयुष्यभर लूमच्या खात्यात, त्या धडधडाटात कानाचं मातेरं झालेलं. त्यांच्या मांडीवर सुतळी बॉम्ब फुटला तरी ते विचारतील, कुणी पाय आपटला का. मागून पोपट हाका मारतोय, पुढे माणूस ढिम्म. आणि ज्या बाईनं इतकी वर्षं त्या हाकांना ओ दिली ती फोटोत.

मी ते ऐकत होते ना भिंतीपलीकडून. आधी हळूच, "कोठे?" जसं कुणी दारातून डोकावून विचारतं. थोडं थांबायचं. मग जरा वर, "कोऽठे?" मग कुकरची शिट्टी, तुझ्या कुकरची, ती अर्धवट फुसकी. शिट्टी ऐकली की तू स्वयंपाकघरात येतेस, एवढं त्याचं गणित पक्कं. तरी कुणी येत नाही म्हटल्यावर स्वतःच स्वतःला उत्तर, "आठे! आठे!" आणि मग ती किंकाळी. इंदे, हजीऱ्याच्या बंदरात त्या किंकाळीनं जहाजं दचकली असतील. एखाद्या कप्तानानं भोंगा समजून नांगरही टाकला असेल. इथं मी काही कमी करणार नाही, तू टोकलंस तरी.

आपलं भांडण आठवतंय? जिन्यात बसून वालपापडी सोलायचो तेव्हाचं. सगळ्या शेंगा संपायच्या, भांडण शिल्लक. मी आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत साठ-साठ कार्टी हाकलेली बाई. माझा नियम एकच, जो ओरडेल त्याच्याकडे बघायचं नाही, जो हात वर करेल त्याला विचारायचं. मी तुला म्हणायचे, "तू त्याला लाडावून ठेवलंयस. तो किंचाळला की तू धावतेस. त्याला कळलंय, किंचाळलं की इंदू मिळते. उद्या तुला मोरीतसुद्धा सुखानं जाऊ देणार नाही."

"तुन्ही शाळा शे, मन्ह घर शे," तू म्हणायचीस. (तुझी अहिराणी मला बोलता येते तेवढी लिहिता येत नाही. चुकलं असेल तर वरून हस.)

"घर असू दे, नाहीतर राजवाडा. शिस्त म्हणून काही..."

"बाई, वरडाना आगोदर तो एक डाव हळू इचारस. ते तू ऐकत नही. तू फक्त वरडनंच ऐकस."

आणि मग ते ऐकायचं कसं, हे तू मला शिकवायला निघालीस. मला! म्हणालीस, सकाळ-संध्याकाळचा गोंगाट वेगळा, तो हाक नव्हे. झाडावर थवा उतरताना सगळे एकदम बोलतात, कोण आलं, कोण राहिलं, तो तेच करतो, करू दे. झोपायच्या आधी चोच चोचीवर घासून कुरकुर करतो तेव्हा तो सुखात आहे, तेव्हा त्याच्याशी बोलायला जाऊ नये. डोळ्याची बाहुली बारीक-मोठी व्हायला लागली आणि मानेची पिसं फुलली, की बोट आत घालू नये. (हे तू मला चष्मा गेल्यावर सांगितलंस.) आणि ते हळू "कोठे" आलं, की हातातलं काम न टाकता नुसतं "आठे" म्हणायचं. जायचं नाही, बघायचं नाही, फक्त सांगायचं. तेवढं मिळालं की तो पेरूच्या काटकीचा भुगा करत बसतो. नाही मिळालं की मग वरडतो. "मंग त्यानी काय चूक?"

मी हटायला तयार नव्हते. म्हटलं, "दिवसातून शंभरदा आठे-आठे करायचं? तोंड दुखत नाही तुझं?"

तू शेंग सोलत राहिलीस. वर बघितलं नाहीस. म्हणालीस, "ह्या घरमा माले हाक मारनारा तो एकलाच शे."

त्यावर मी लगेच विनोद केला. कुठला ते आठवत नाही, पण मोठा केला असणार, कारण तू हसलीस. उत्तर मात्र मी दिलं नाही. ते भांडण तिथंच थांबलंय, इंदे, आणि आता तुझी पाळी की माझी हेही कळत नाही.

तर त्या आठवड्यात मी आधी माझा नियम लावून पाहिला. ओरडतोय ना, बघायचं नाही. सकाळभर मी दात आवळून बसले. पोपट दात नसताना माझ्यापेक्षा चिवट निघाला. मग मिरची दिली, पेरू दिला, आरसा टांगला. आरशातल्या पोपटालाही त्यानं "कोठे?" विचारलं, आणि तो नुसतीच चोच हलवतोय म्हटल्यावर त्याला चोपला. रेडिओ लावला, तर निवेदिकेच्या वर आवाज चढवला. शेवटी मी शरण गेले. चादर काढली आणि हळूच म्हटलं, "आठे."

त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे असं बघितलं, जसं इन्स्पेक्टर पाठांतर चुकलेल्या पोराकडे बघतो. मी पुन्हा म्हटलं. तुझ्यासारखं जरा नाकात. त्यानं पाठ फिरवली आणि छातीचं एक पीस उपटून खाली टाकलं. मग दुसरं. तेव्हा मी पिंजऱ्याच्या तळाशी पाहिलं. हिरवी पिसं केवढी तरी पडलेली, आणि त्याच्या छातीवर गुलाबी कातडी दिसत होती. त्या क्षणी माझ्या तोंडातली सगळी बढाई वाळून गेली.

त्याच दिवशी विलास आला. तुझा पोरगा दमला होता, डोळे सुजलेले, हजीऱ्याच्या प्लांटमधून शिफ्ट करून सरळ आलेला. मला बघून उठून उभा राहिला. अजून बाई म्हणतो, अजून उभा राहतो. पण बोलला ते असं:

"बाई, पप्पांना मी क्वार्टरवर घेऊन जातो. इथं एकटे कसे राहतील? त्यांना बेल ऐकू येत नाही, गॅस ऐकू येत नाही. आणि पोपट बारडोलीला मित्राच्या शेतावर सोडतो. रविवारी दुपारी त्याचा टेम्पो येतोय."

"सोडतो म्हणजे?"

"उसात. मोकळा राहील."

"विलास, त्याला उडता येत नाही. उसात मांजरं असतात, साप असतात, कोल्हे असतात, मी तर म्हणते वाघही असेल!"

"बाई, बारडोलीत वाघ नाही."

"मांजर आहे ना? एक मांजर पुरे आहे!"

मागून "कोठे?" आलं आणि मी पाहिलं, विलासचा जबडा घट्ट झाला. इंदे, मला तेव्हा उमगलं. तो चिडलेला नव्हता. त्या हाकेपुढे त्याला उभं राहता येत नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, तो प्रश्न घरात दिवसभर कुणीतरी ओरडून विचारत होतं.

मी सुपडूभाऊंकडे बघितलं. ते आमच्या ओठांकडे बघत होते, पण आम्ही भराभर बोलत होतो, त्यांना काही लागलं नसावं. तुझ्या जाण्यानंतर ते एक शब्द बोलले नव्हते. पोपट गेला की भाऊ जाणार, हे मला दिसत होतं. एकाला बारडोली, एकाला हजीरा. आणि घराला कुलूप.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सगळी बिल्डिंग आली. आली म्हणजे, मिटिंगपेक्षा मालतीबेन काय बोलतात ते ऐकायला आली. विलासनं भाऊंना हाताला धरून खाली आणलं. जिन्याच्या पायरीवर छोटा पिंजरा तयार ठेवला होता, टेम्पोसाठी.

किरीटभाई उभा राहिला. बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात वरून "आठेऽऽ!" असं आलं, की त्यानं नुसता हात वर दाखवला. वकिलाची गरजच नाही, साक्षीदार स्वतः ओरडतोय.

मी उठले. म्हटलं, "किरीटभाई, तो तुमचा नंबर घेत नाही. अहिराणीत आठे म्हणजे इथे. तो इंदूला विचारायचा कुठे, ती म्हणायची इथे. एवढंच आहे."

सगळे हसले. किरीटभाईसुद्धा. "मगरवाळां बेन," तो म्हणाला, "तमे तो रहेवा ज दो."

तापीचा पूर आठवतोय ना? पाणी ओसरल्यावर मी सगळ्यांना सांगितलं होतं, की पहिल्या मजल्यावर मगर आली होती आणि मी तिला छत्रीनं हाणून परत पाठवली. ती घोरपड होती, आणि छत्री तुझी होती, आणि हाणलं पण तूच. पण सांगितलं मी. आता त्या पार्किंगमध्ये आयुष्यात पहिल्यांदा मी मीठ-मिरची न लावता काही सांगत होते, आणि समोरचा एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. मी आवाज चढवला, ते जास्त हसले. मी शपथ घेतली, ते अजून हसले. माझी जीभ म्हणजे चलनात नसलेली नोट झाली होती.

मी विलासकडे वळले. भाऊ सोडले तर अख्ख्या बिल्डिंगमध्ये अहिराणी घरात ऐकून मोठा झालेला तो एकटाच. "विलास, तू सांग. आठे म्हणजे काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग छोट्या पिंजऱ्याकडे. मग खाली मान घातली.

इंदे, त्याला एक शब्द बोलायचा होता आणि तो बोलला नाही, कारण तो शब्द बोलला असता तर पोपट राहिला असता, आणि पोपट राहिला असता तर त्याला पुन्हा पुन्हा त्या घरात येऊन ती हाक ऐकावी लागली असती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. किरीटभाईनं खिशातून फोन काढला.

मी भाऊंसमोर जाऊन बसले. उकिडवी, म्हणजे त्यांना माझे ओठ नीट दिसावेत. वर बोट दाखवलं. चोचीसारखी बोटं केली. म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, "बॉबिन. ओरडतो. कोठे? इंदू. म्हणायची. आठे."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी परत सांगितलं. मग ते बोलले, आणि किती मोठ्यानं! बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही, भाऊ तर लूमच्या वर आवाज काढायला शिकलेले. अख्खं पार्किंग दचकलं.

"ती त्याले जबाब देये?"

मी मान हलवली.

"दिनभर?"

"दिवसभर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते, आवाज न करता. मग म्हणाले, तितक्याच मोठ्यानं, "माले तं वाटे, ती देवनं नाव ल्हेस!"

इंदे, तुझे ओठ दिवसभर हलताना त्यांनी पाहिले होते. भाकरी थापताना, केर काढताना, एकटीच असताना. ते समजत होते, आपली बायको नामस्मरण करते. त्यांनी एकदा त्यांच्या जुन्या जोडीदाराला सांगितलं होतं म्हणे, माझी बायको फार देवाची, क्षणभर तोंड थांबत नाही. पोपट बोलतो हे त्यांना माहीत होतं, चोच हललेली दिसायची. पण तो काय बोलतो आणि त्याला ओ कोण देतं, हे त्या घरात राहून त्यांना कधी कळलंच नव्हतं. आणि तू सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस गं? की त्यांना वाईट वाटेल, की आपण हाक मारत नाही आणि पोपट मारतो? का तुला वाटलं, असू दे, ह्यांना देव वाटतोय तर देवच बरा?

कुणी हसलं नाही. वरून पुन्हा किंकाळी आली. विलासनं तोंडावर हात घेतला. आणि त्या हातामागून, किरीटभाईकडे न बघता, म्हणाला, "आठे एटले अहीं, काका. 'अहीं छुं' एम."

किरीटभाई फोन हातात धरून उभाच. "ए कोने कहे छे?"

"मम्मीने पूछे छे." मम्मीला विचारतो, एवढंच विलास म्हणाला.

मिटिंग संपली असं कुणी म्हटलं नाही. खुर्च्या मात्र एकेक करून रिकाम्या झाल्या. किरीटभाई फोन खिशात न घालता, हातात तसाच घेऊन घरात गेला, ते मी पाहिलं. टेम्पोवाल्याला विलासनं खालच्या खालीच परत पाठवलं. छोटा पिंजरा घेऊन तो जिना चढला. मी विचारलं नाही, आणि माझ्यासारख्या बाईला न विचारणं किती जड जातं ते तुला सांगायला नको.

वर जाऊन भाऊंनी स्वतः पिंजरा उचलला. मागच्या गॅलरीतून पुढच्या खोलीत आणला, आपल्या बैठकीसमोर ठेवला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. बॉबिननं चोच उघडली. ऐकू येणार नाही, पण दिसतं ना. भाऊंनी पंजा वर केला, उघडा, खांद्याच्या वर. खात्यात लूमच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून दुरून कुणी खूण केली की पंजा दाखवायचा. पाहिलंय, येतोय. इतकी वर्षं त्यांचं उत्तर तेच होतं, घरातही. तू जेवायला बोलावलंस की पंजा. औषध विचारलंस की पंजा. तुला त्याचा राग यायचा, मला सांगायचीस, माणूस आहे का ट्राफिक पोलीस.

पोपटाला एका दिवसात कळलं असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते, बरेच दिवस लागले. सुरुवातीला तो पंजाकडे बघून अजूनच भडकायचा. विलास सुट्टीला येतो तेव्हा एक काम करतो, "कोठे" आलं की भाऊंच्या गुडघ्याला बोट लावतो, भाऊ वर बघतात, पंजा दाखवतात. भाऊंना हजीऱ्याला न्यायचं तो आता बोलत नाही. पोपटाला चघळायला पेरूच्या फांद्या आणतो. हळूहळू आता असं झालंय, की भाऊ समोर दिसत असले की तो आधी हळू विचारतो, पंजा दिसला की काटकी घेऊन बसतो. छातीवर बारीक पिसं यायला लागलीत, खुंटासारखी. पण भाऊ मोरीत गेले की पुन्हा तीच बोंब. आणि तुझ्या कुकरची शिट्टी तो अजून काढतो, आणि ती झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. त्याला काय करायचं, ते मला माहीत नाही. तेव्हा मी माझ्या घरात काहीतरी मोठ्यानं वाजवते.

पाखरांवाल्या पोरांना विलासनं बोलावलंय. ते येऊन बघतील, ठेवायचा की न्यायचा ते सांगतील. न्यायचा म्हणाले तर द्यावा लागेल. तुझा उद्या कधीतरी येणारच होता. पण तो उसात जायचा नाही, एवढं झालं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी एकटी राहते. हे गेल्यापासून सकाळी उठलं की माझ्या घरात आवाज म्हणजे नळाचा. भिंतीपलीकडून तो विचारायचा, "कोठे?" आणि तू म्हणायचीस, "आठे." मी त्याला अवदसा म्हटलं, तुला वेडी म्हटलं, सगळ्या सोसायटीला तुझ्या पोपटाच्या कहाण्या सांगितल्या. पण तुझ्या त्या सगळ्या आठेंमधले काही मी माझ्यासाठी उचलले. रोज. तुला न विचारता. तुझं काही कमी झालं नाही, पण घेतले खरे.

तुझे दिवस झाल्यावर मी वाटीभर खीर घेऊन आठ नंबरात गेले. किरीटभाईचा फोन अजून माझ्या मानेवर टांगलेला होता, आणि तो टांगलेला ठेवून मला झोप लागत नव्हती. जाण्याआधी मी भाषण तयार केलं होतं. त्यात तू होतीस, तुझी कापलेली बोटं होती, माणुसकी होती, तापी होती, आणि थोडीशी मगरही होती, कारण तिच्याशिवाय मला बोलताच येत नाही. मी उंबऱ्यात उभी राहून ते सगळं म्हटलं. आवाज दोनदा फुटला, एकदा मी मुद्दाम फोडला. शेवटी विचारलं, "किरीटभाई, एकदा काय ते सांगा. तुम्ही फोन करणार आहात का?"

त्यानं खिरीचा चमचा तोंडात घातला, बदाम चावला, गिळला.

"दुपारी आमी झोपते," तो म्हणाला. "तवा खिडकी बंद ठेवजो."